बर्फावरचा बाप आणि बरडावरची टिटवी

मे महिन्यातील दुपार. अशा वेळी पवनारच्या रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. घरात कुलर घरघरत होता, दारावर ओले पोते टांगले होते आणि मुलांनी टीव्हीवर पेंग्विन पक्ष्यांचा चित्रपट लावला होता. बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला आणि पडद्यावर बर्फाचे वादळ. खाटेवर पडून पाहत असलेली आमची म्हातारी आत्या बराच वेळ गप्प होती. मग उठून बसली आणि म्हणाली, “काऊन रे बाप्पा, त्या पाखरायले अंडे द्याले दुसरी जागा नाही भेटली काय?”

मुले हसली. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर पुढे मला आमच्याच शेताच्या बरडावर मिळाले.

आधी त्या चित्रपटाविषयी. ‘मार्च ऑफ द पेंग्विन्स’ हे त्याचे नाव. ल्युक झाके या फ्रेंच माणसाने तो काढला आणि २००५ साली तो लोकांपुढे आला. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्तम माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. चित्रण झाले ते दक्षिण ध्रुवाच्या खंडावर, अंटार्क्टिकावर. आपल्या देशाची पहिली तुकडी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघून जानेवारी १९८२ मध्ये जेथे उतरली, तेच हे खंड. मूळ फ्रेंच चित्रपटात पेंग्विन माणसासारखे बोलतात, हे काही जाणकारांना रुचले नाही म्हणे. पंचतंत्र ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना त्यात वावगे वाटण्याचे कारण नाही.

या चित्रपटातला पक्षी म्हणजे सम्राट पेंग्विन. उंची जवळजवळ चार फूट आणि वजन तीस-चाळीस किलोपर्यंत. पंख आहेत, पण ते पोहण्यासाठी. मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे तिकडे थंडी सुरू होताना, हे पक्षी समुद्र सोडून बर्फावरून रांगेने चालत निघतात. कधी पायांनी, कधी पोटावर घसरत. काही ठिकाणी ही वाट कित्येक कोसांची असते. ठरलेल्या जागी पोहोचले की जोड्या जमतात आणि मे-जूनमध्ये मादी एक अंडे घालते. एकच. साधारण साडेचारशे ग्रॅमचे, म्हणजे कोंबडीच्या आठ-नऊ अंड्यांएवढे.

घरटे नाही. काडी नाही, गवत नाही, खडासुद्धा नाही. मादी ते अंडे हलकेच नराच्या पावलांवर सरकवते. नराच्या पोटाखाली कातडीची एक घडी असते, ती तो वरून पांघरतो. या देवाणघेवाणीत अंडे निसटून बर्फावर राहिले, तर काही क्षणांतच गोठून जाते आणि त्या जोडीचे ते वर्ष संपते. चित्रपटात अशी एक जोडी दाखवली आहे. आत्याने तेवढ्यात तोंड फिरवले.

अंडे दिल्यावर मादी समुद्राकडे परत जाते. ती उपाशी असते आणि तिला खाणे आणायचे असते. नर उभा राहतो तो दोन महिन्यांहून थोडा जास्त काळ, सुमारे पासष्ट दिवस. थंडी शून्याखाली चाळीस अंश आणि त्याहूनही खाली. दिवस असा उगवतच नाही, कारण तो तिकडचा पौष-माघ असतो. हजारो नर एकमेकांना चिकटून एक मोठा घोळका करतात. कडेचे हळूहळू आत सरकतात, आतले बाहेर येतात. कोणी कायम मध्यभागी ऊब खात बसत नाही. समुद्र सोडल्यापासून नराच्या पोटात काही नसते, तो उपास सगळा मिळून चार महिन्यांच्या घरात जातो आणि वजन तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरते. एवढ्यावरही पिलू बाहेर आले आणि मादी अजून आली नसली, तर हा उपाशी बाप आपल्या अन्ननलिकेतून दह्यासारखा एक स्राव काढून पिलाला भरवतो. कबुतरे पाळणाऱ्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही.

मादी परत येते तेव्हा हजारो सारख्या दिसणाऱ्या नरांतून आपला नर ती केवळ आवाजावरून ओळखते. गुरे सायंकाळी रानातून आल्यावर गाय आपल्या वासराचे हंबरणे ओळखते, तसेच.

मुंबईला राणीच्या बागेत पेंग्विन पाहून आलेली मंडळी मला म्हणाली, ते तर लहानखुरे असतात. बरोबर आहे. ते हम्बोल्ट जातीचे, दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली देशांच्या किनाऱ्यावरचे. बर्फाशी त्यांचा संबंध नाही. २०१६ च्या जुलैत तेथे आठ पक्षी आणले होते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी भारतातले पहिले पेंग्विनचे पिलू तेथे जन्मले आणि आठवडाभरातच गेले. पुढे मात्र तेथे पिले जगली.

तर आत्याचा प्रश्न. दुसरी जागा किंवा दुसरा हंगाम का नाही? कारण पिलाला वाढायला पाच-सहा महिने लागतात. अंडे थंडीत दिले, तर पिलू पोहण्याजोगे होते ते डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात. तेव्हा बर्फ फुटून पाणी जवळ आलेले असते आणि समुद्रात खाणे मुबलक असते. हंगाम आधी पिलाच्या पोटाचा पाहायचा आणि मग मागे मोजत यायचे. आपला मृग साधायचा असेल, तर वखर वैशाखाच्या उन्हातच धरावा लागतो. हिशेब तोच.

आता बरडावर येऊ.

धामच्या काठी आमचा एक मुरमाड तुकडा आहे. काळी जमीन संपून गोटे सुरू होतात, तेथला. मागे एका वर्षी अक्षय तृतीयेच्या सुमारास त्या तुकड्यात टिटवीने चार अंडी घातली. वाचकांपैकी टिटवी पाहिली नाही असा कोणी नसेल. लांब पिवळे पाय, काळी छाती, डोळ्यापुढे लाल कातडीचा टिकला आणि रात्री-अपरात्री ओरडण्याची सवय. त्या ओरडण्याला लोक अपशकुन म्हणतात. मला विचाराल तर ती कोल्हा, मांजर किंवा माणूस हलला म्हणून ओरडते. शेतात फुकटची राखणदार आहे. ती पाय वर करून आभाळ तोलते, ही गोष्ट लहानपणी सर्वांनी ऐकलेली असते. आणि तिने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, चार घातली तर चार महिने पाऊस, हाही आपल्याकडचा ठोकताळा. चार अंडी ही तर तिची नेहमीचीच गोष्ट आहे, तेव्हा त्यावर पेरणीचा बेत ठरवू नये.

तिचे घरटे म्हणजे जमिनीत पायाने उकरलेला बशीएवढा खळगा. भोवती बारीक खडे आणि बकरीच्या लेंड्या. अंडी मातकट, त्यांवर काळे-जांभळे ठिपके, निमुळती टोके आत. दोन पावलांवरून पाहिले तरी गोटे वाटावेत अशी. मला ती दिसली ती टिटवीच्या आरडाओरड्यामुळे, आणि तरीही मी एकदा त्यांच्यावर पाय देता देता वाचलो.

आपण म्हणतो पक्षी अंडी उबवतो. वैशाखाच्या दुपारी बरडावर ही भाषा उलटी होते. अंड्याला लागते साधारण ३७-३८ अंशांची ऊब. अंडी उबवण्याचे यंत्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा आकडा ठाऊक असेल. पण हवाच ४५ अंशांची आणि उघडा मुरूम त्याहून किती तरी तापलेला, इतका की अनवाणी पाय ठेववत नाही. तेथे अंडे उघडे राहिले तर काही मिनिटांत आतला जीव भाजून मरेल. टिटवी तेथे ऊब द्यायला बसतच नाही, ती सावली धरते. अंड्यांवर उभी राहते, पंख थोडे सैल सोडते, चोच उघडी टाकून धापा घेते. पाखरांना घाम येत नाही, धाप हाच त्यांचा घाम. ऊन डोक्यावर आले की पाठ उन्हाकडे करून आपल्या सावलीत अंडी राखते.

एवढ्याने भागत नाही तेव्हा ती जे करते ते मी डोळ्यांनी पाहिले नसते तर खरे मानले नसते. दुपारी बाराच्या पुढे जोडीतला दुसरा पक्षी नदीकडून उडत आला आणि चालत घरट्याशी पोहोचला. त्याच्या पोटाखालची पिसे ओली होती, थेंब गळत होते. पहिला उठला, हा बसला. मग मी धामच्या पात्राकडे लक्ष ठेवले. उन्हाळ्यात डोहाच्या कडेला पाणी उथळ असते. तेथे टिटवी पोटापर्यंत पाण्यात उभी राहते, अंग हलवून पोटाची पिसे भिजवून घेते आणि तडक घरट्याकडे निघते. ते पाणी अंड्यांना आणि खालच्या मातीला लागते, वाऱ्याने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. आमच्या कुलरचीही विद्या हीच, फक्त त्याला वीज लागते, आणि ती त्या दुपारी दोनदा गेली होती.

नर-मादी दोघेही हे काम करतात आणि ऐन दुपारी पाळी लवकर लवकर बदलतात. सम्राट पेंग्विनच्या बापाला ही सोय नाही, त्याची पाळी दोन महिन्यांची. पण दिवस पाहा. टिटवी आमच्या बरडावर पोट भिजवत असते, त्याच मे महिन्यात पृथ्वीच्या खालच्या टोकाला तो पावलांवर अंडे घेऊन उभा राहतो. एकाला अंडे गोठू द्यायचे नाही, दुसरीला भाजू द्यायचे नाही. टिटवीचा हिशेबही पिलांच्या पोटाचाच दिसतो. अंडी फुटायला अठ्ठावीस-तीस दिवस लागतात. वैशाखातली अंडी ज्येष्ठात फुटतात आणि पहिल्या सरी पडल्या की भुंगेरे, वाळवी, अळ्या, मुंग्या यांनी जमीन भरून जाते. टिटवी पिलांना चारा भरवत नाही, पिले पहिल्या दिवसापासून स्वतः टिपतात. तेव्हा जन्मताच समोर ताट वाढलेले असावे लागते.

हंगाम चुकला की सगळे फसते. २०२२ साली अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या बाजूला बर्फ वेळेआधी फुटला. पिलांना पाण्यात टिकणारी पिसे यायची होती. त्या भागातील पाचपैकी चार वसाहतींत त्या वर्षी एकही पिलू जगले नसावे, असे उपग्रहाची छायाचित्रे पाहणाऱ्या शास्त्रज्ञांनी सांगितले. आपल्याकडे नदीच्या रेतीत अंडी घालणाऱ्या पाखरांचेही अवकाळी पुराने असेच होते, आणि रेतीचे ट्रॅक्टर तर पुराची वाटही पाहत नाहीत.

आमच्या घरट्यावर संकट आले ते वखराचे. पूर्वी बैलाचा वखर असे. टिटवी पंख पसरून बैलासमोर उभी राहून ओरडे, बैल बिचके आणि हाकणारा तास थोडा वळवून घेई. गुरांसमोर ती अशी धीटपणे उभी राहते. माणूस किंवा कुत्रा आला की मात्र गुपचूप दूर जाऊन तेथून बोंब ठोकते, म्हणजे शोधणारा भलतीकडेच शोधतो. ट्रॅक्टर यांपैकी कशालाच भीक घालत नाही, आणि वर बसलेल्याला खालचे अंडे दिसतही नाही. उन्हाळवाहीसाठी ट्रॅक्टर भाड्याने आणला होता. चालवणारा मुलगा म्हणाला, “चार अंड्यायसाठी तास मोडू काय, भाऊ?” त्याचेही खरे होते, त्याला पुढे आणखी तीन शेते होती.

चारी बाजूंना पाच-पाच पावलांवर पऱ्हाटीच्या चार काड्या रोवल्या. अगदी जवळ रोवल्या तर कावळा आणि कुत्रा दोघांनाही पत्ता लागतो, म्हणून एवढे अंतर. जवळ पाण्याचे भांडे ठेवण्याचा मुलांचा आग्रह मी त्याच कारणासाठी मोडून काढला. ट्रॅक्टर चौकोन सोडून फिरला. टिटवी दूर धुऱ्यावर उभी राहून सारखी ओरडत होती आणि मी घड्याळ पाहत होतो, कारण ऊन चढत होते. वीस मिनिटे अंडी उघडी होती. ट्रॅक्टर धुऱ्यापलीकडे गेला तशी ती धावत आली, पण बसली नाही, सरळ नदीकडे उडाली. ओली होऊन परतली, तेव्हा कोठे माझा जीव खाली पडला.

पुढे नवतपा लागला. त्या नऊ दिवसांत मी सकाळीच काय ते एकदा लांबून पाहून येई. नवतपा संपल्यावर दुसऱ्या दिवशी घरट्यात एकच अंडे दिसले आणि टिटवी त्यावर नव्हती. कवचाचा तुकडाही नाही. पिलू निघाले की ती कवच उचलून दूर टाकते, हे मला माहीत होते. म्हणून पिलांचा शोध सुरू केला, पण ती कोठेच दिसेनात. वरून टिटवीचा ओरडा चालूच होता. अर्ध्या तासाने एक ढेकूळ हलले. तीन पिले होती, मातीच्या रंगाची, जमिनीला चिकटून, डोळे उघडे ठेवून निपचित. आईचा आवाज बदलला तशी तिन्ही उठली आणि काडीसारख्या पायांवर धुऱ्याकडे पळाली.

चौथे अंडे थंडच राहिले. त्या वीस मिनिटांत गेले की आधीपासूनच पोकळ होते, कोण जाणे. आत्याला सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, “तीन त जगले ना?” त्या चौकोनातली वखरणी मग बैलाने करून घेतली आणि मृगात तेथे तूर टाकली.