एका रेल्वेमार्गावरील स्थलनामे

स्थलनामाच्या रूपावरून त्या स्थळाच्या पूर्वभाषेचे अनुमान करण्याची पद्धत भाषाभ्यासकांच्या परिचयाची आहे. हे अनुमान कितपत विश्वसनीय असते, हे पडताळून पाहण्यास ऑस्ट्रेलियातील एक दीर्घ रेल्वेमार्ग फार उपयुक्त ठरतो. पोर्ट ऑगस्टा ते कॅलगुर्ली या सुमारे १,७०० किलोमीटर लांबीच्या मार्गाचे काम १९१२ मध्ये सुरू होऊन १९१७ मध्ये पुरे झाले. सिडनी ते पर्थ धावणारी ‘इंडियन पॅसिफिक’ ही गाडी १९७० पासून येथूनच जाते. या मार्गाचा सुमारे ४७८ किलोमीटरचा पट्टा एकही वळण न घेता जातो.

हा पट्टा मुख्यतः ज्या चुनखडीच्या पठारावर आहे, त्याचे नाव नलार्बर. ध्वनिरूपावरून हा शब्द तेथील आदिवासी भाषेतील वाटावा. वस्तुतः ‘एकही नाही’ व ‘वृक्ष’ या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांवरून एडमंड डेलिसर या भूमापकाने १८६०च्या दशकात तो घडविला.

दुसरा वर्ग स्थानकांचा. बार्टन, वॉटसन, फिशर, कुक, ह्यूझ, डीकिन, रीड ही सर्व ऑस्ट्रेलियाच्या आरंभीच्या पंतप्रधानांची नावे होत. ती १९०१ साली स्थापन झालेल्या संघराज्याविषयी सांगतात. भूमीविषयी काहीच सांगत नाहीत.

ऊल्डियाचे तसे नाही. पूर्वेकडून व पश्चिमेकडून येणारे रूळ १९१७ मध्ये येथेच जोडले गेले. वाळूखालून झिरपणाऱ्या पाण्यामुळे हे स्थळ दूरदूरच्या आदिवासी समाजांचे संमेलनस्थान होते. १९१९ ते १९३५ या काळात तेथे राहिलेल्या डेझी बेट्स यांनी त्याचे नाव ‘यूल्डिल-गॅबी’ असे नोंदविले आहे. यातील ‘गॅबी’ म्हणजे पाणी. रेल्वेच्या नोंदीत नावाचा पूर्वभाग तेवढा, तोही इंग्रजी वळणाने, उरला. पाणीवाचक उत्तरपद गळाले. पुढे एंजिनांसाठी झालेल्या उपशाने तो झराही निकामी झाला.

चौथे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. ऊल्डियाच्या वायव्येस मरालिंगा येथे ब्रिटनने १९५६ व १९५७ मध्ये अण्वस्त्रांच्या चाचण्या केल्या. मरालिंगा हा शब्द निःसंशय आदिवासी आहे. त्याचा अर्थ मेघगर्जना. मात्र तो सुमारे २,००० किलोमीटर उत्तरेकडील कोबर्ग द्वीपकल्पावरील गारिक या आता लुप्त झालेल्या भाषेतून अधिकाऱ्यांनी उचलला. त्या भूमीशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेल्या लोकांची भाषा वेगळी होती. ऊल्डिया येथील मिशन १९५२ मध्ये बंद पडले व तेथील लोकांना दक्षिणेस यालाटा येथे जावे लागले. नकाशावर आदिवासी नाव आले, ते त्या भूमीचे लोक तेथून दुरावल्यानंतर. १९८४ च्या कायद्याने भूमीचा ताबा त्यांना परत मिळाला. त्यांच्या संस्थेच्या नावातही आज ‘मरालिंगा’ हाच शब्द आहे. लादलेले नावही कालांतराने हक्काचे होऊ शकते, असे यावरून दिसते.

तात्पर्य, शब्दाचे कूळ आणि नावाचे कूळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिले व्युत्पत्तीने कळते. दुसऱ्यासाठी नाव कोणी, केव्हा व कोणत्या अधिकाराने दिले, हे दप्तरांतून आणि जाणत्या वृद्धांच्या मुखातून शोधावे लागते. हा शोध न घेता केवळ नकाशावरून भाषांच्या सीमा आखणारा अभ्यासक मरालिंगा येथे गारिकभाषकांची वसाहत कल्पील, आणि ज्यांची ती भूमी, त्यांना आपल्या ग्रंथातूनही पुन्हा एकदा बाहेर काढील.