कवटीचे क्ष-किरण चित्र आणि लिंगनिश्चिती

अनोळखी सांगाड्याचे लिंग प्रथम कंबरेच्या हाडांवरून ठरवतात. ती न मिळाल्यास कवटीवरून. बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात भुवयांमधील फुगीर भाग, कपाळाच्या हाडातील पोकळी, कानामागील उंचवटा मोजता येतो. प्रौढ पुरुषांत ही मापे बहुधा मोठी असतात. मुलांत हा फरक पुरेसा उमटलेला नसतो. मध्य भारतातील १५० प्रौढांच्या अशा चित्रांवरून २००५ मध्ये दहा मापांचे सूत्र मांडले गेले. ते ९९ टक्के अचूक ठरले, अर्थात त्याच नमुन्यापुरते. हेच सूत्र दुसऱ्या प्रदेशातील कवटीला जसेच्या तसे लावले, तर ठसठशीत हाडांची स्त्री पुरुष ठरू शकते. मग बेपत्ता स्त्रियांच्या यादीत तिचे नाव कोणी शोधतच नाही.