जप्त मुद्देमालातील विद्युत्घट

विद्युत्घटाच्या मरणाविषयीचे कुतूहल मला फार जुने आहे, आणि त्याचा उगम कोणत्याही प्रयोगशाळेत नसून नेवासे तालुक्यातील घोडेगावच्या धाब्याच्या घरांवर आहे. हातबॅटरीचे सेल उतरले की ते फेकून न देता छपरावर उन्हात मांडून ठेवण्याची रीत त्या भागात, किंबहुना सगळ्याच महाराष्ट्रात, एके काळी सर्रास होती. दोन दिवस ऊन खाऊन पुन्हा नळीत गेलेले ते सेल आणखी काही रात्री रानात पाणी धरण्यापुरता, मिणमिणता का होईना, उजेड देत, आणि हे नेमके कसे घडते याचा उलगडा मला पुढे कितीतरी वर्षांनी झाला. जस्ताचे भांडे, मधोमध कर्बाची कांडी आणि तिच्या भोवती मँगनीज डायऑक्साइडचे काळे मिश्रण अशी त्या शुष्क घटाची रचना असते. प्रवाह वाहू लागला की अभिक्रियेचे अवशेष कांडीभोवती साचतात आणि विद्युत्दाब खाली येतो; विश्रांतीने व उष्णतेने ते अवशेष पांगतात, मंदावलेली अभिक्रिया पुन्हा थोडा वेग घेते, आणि घट मेला नव्हता, नुसता दमला होता, असे सिद्ध होते.

लिथियमच्या घटाला मात्र हे ऊन मुळीच मानवत नाही. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या त्रयीची कथा २०१९ च्या नोबेल पारितोषिकानंतर इतक्या जणांनी सांगितली आहे की ती पुन्हा सांगणे म्हणजे वाचकांच्या सौजन्याचा गैरफायदा घेणे होय. १९९१ साली सोनी कंपनीने हा घट बाजारात आणला, एवढे स्मरण पुरे. त्याचे वार्धक्य निराळ्या जातीचे असते. ऋणाग्रावर एक सूक्ष्म पापुद्रा जमतो, तो पापुद्रा घटातील लिथियम हळूहळू खात जातो आणि प्रवाहाच्या वाटेत अडथळा वाढवीत राहतो. तापमान दहा अंशांनी चढले की ही झीज, ढोबळ मानाने, दुप्पट वेगाने होते, आणि घट ४.२ व्होल्टपर्यंत भरून तसाच ठेवला तर तिला आणखी जोर चढतो. म्हणजे वैशाखात, पारा चाळिशी ओलांडीत असताना, पत्र्याखाली रात्रंदिवस चार्जिंगला लावून ठेवलेली बॅटरी ही जुन्या रीतीच्या हिशेबाने जपलेली आणि नव्या शास्त्राच्या हिशेबाने छळलेली असते. आमच्या शेतकऱ्याने सेल उन्हात ठेवला तो अज्ञानाने नव्हे, अनुभवाने ठेवला. त्याच्या हातातला घट बदलला, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नाही.

घोडेगावचा शुक्रवारचा जनावरांचा बाजार पुष्कळांना ठाऊक आहे, शिंगणापूरच्या फाट्यामुळे ते गाव न ठाऊक असलेला माणूस तर विरळाच. त्या बाजारात कासरे, गोंडे, घुंगरमाळा यांच्या शेजारी अलीकडे डोक्याला बांधायच्या बॅटऱ्यांचेही ढीग दिसतात, कारण शेतीपंपाला पाळीने रात्रीची वीज मिळते, उसात बिबट्याचा वावर असतो, आणि दोन्ही हात मोकळे ठेवून उजेड पुढे टाकणारे साधन ही तेथे चैनीची नव्हे तर जिवाची गरज आहे. या बॅटरीत जो सेल असतो त्याचे नाव १८६५०: अठरा मिलिमीटर व्यास, पासष्ट मिलिमीटर लांबी. त्याच्या वेष्टनावर धारकता म्हणून ९९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा मी वाचला, आणि ती थाप आहे हे मला ठाऊक होते, कारण या आकाराच्या उत्तमोत्तम सेलचीही धारकता साडेतीन हजारांच्या आसपास थांबते. तो आकडा मी तेथल्याच एका बॅटरी-दुरुस्तीवाल्याला दाखविला तेव्हा त्याने वरही न पाहता उत्तर दिले, ‘‘छापल्यालं काय वाचता, हातात धरून बघा की.’’ मग त्याने ड्रॉवरमधून छोटा काटा काढला, जुन्या लॅपटॉपमधून काढलेला एक सेल आणि बाजारचा हा नवा सेल असे दोन्ही त्यावर पाठोपाठ ठेवले. जुना पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढे भरला, नवा तिसाच्या आसपास. वेष्टनाची थाप पारड्यात उघडी पडली.

लॅपटॉपच्या बॅटरीत सहा सेल असतील तर पुष्कळदा त्यांतील एक-दोनच बसलेले असतात आणि त्यांच्यापायी साऱ्या पेटीला निकाल मिळतो. उरलेल्यांना हा दुरुस्तीवाला वेगळे काढतो, मोजतो, आणि हातबॅटरीत घालून पुन्हा कामाला लावतो. त्यामागील तत्त्व त्याने मला ओहमच्या नियमाचे नाव न घेता नीट समजावून सांगितले. मोटेवरून काढलेला बैल कोळपणीला चालतो, तसा जड कामाला नालायक ठरलेला सेल हलक्या कामाला वर्षानुवर्षे पुरतो.

हे जड काम कोणते, याचा शोध घेता घेता मी ई-सिगारेटपाशी येऊन पोहोचलो. एरवी तंबाखूशी माझा संबंध दुसऱ्यांनी ओढलेल्या विडीच्या धुरापुरताच. त्या उपकरणात एक तारेचे वेटोळे असते, ते तापते आणि भोवतीच्या द्रवाची वाफ करते. वेटोळ्याचा रोध एक ओहम धरला तर ३.७ व्होल्टच्या घटातून ३.७ अँपिअर प्रवाह वाहतो आणि सुमारे चौदा वॅट उष्णता निर्माण होते. हे अजून सभ्य वर्तन झाले. पण दाट धुराच्या हौसेने रोध अर्ध्या ओहमवर, आणि साहसी मंडळींनी एक दशांश ओहमवर आणला, तेव्हा हिशेबाने सदतीस अँपिअर मागितले गेले, जे या आकाराच्या चांगल्या सेललाही झेपत नाहीत, आणि थापाड्या वेष्टनाच्या सेलला तर मुळीच नाहीत. ‘कालपर्यंत चालत होती, आज दोन झुरक्यांत बंद पडते’ ही जी नेहमीची तक्रार, तिचे मूळही येथेच आहे. सेलचा अंतर्गत रोध नवेपणी ०.०५ ओहम असेल तर दहा अँपिअरला अर्धा व्होल्ट आतल्या आत खर्ची पडतो; वयपरत्वे तोच रोध तिप्पट झाला की दीड व्होल्ट गळतो, संरक्षक मंडल घट रिकामा समजून दार लावते, आणि प्रत्यक्षात त्यात निम्मा साठा शिल्लक असू शकतो. हाच सेल घोडेगावच्या काट्याशेजारी आला असता तर उसाच्या पाण्यावर गेला असता.

ज्याच्यामुळे हा लेख लांबला त्या माणसाचे नाव हर्बर्ट गिल्बर्ट. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बीव्हर फॉल्स नावाचे गाव आहे, तेथे त्याच्या घराण्याचा भंगाराचा व्यवसाय होता, आणि या भंगारवाल्याने १७ एप्रिल १९६३ रोजी धूरविरहित, तंबाखूविरहित सिगारेटच्या एकस्वासाठी अर्ज केला. त्याचा तर्क सरळ होता: पाने किंवा लाकडे परसात जाळली तरी त्यांचा धूर कोणी हौसेने छातीत भरून घेत नाही, तर मग जाळण्याऐवजी ओलसर, सुगंधी हवा नुसती तापवून का देऊ नये? तापविण्याचे काम नळीतल्या विद्युत्घटाकडे सोपविले होते. १७ ऑगस्ट १९६५ रोजी ३२,००,८१९ या क्रमांकाचे एकस्व त्याला मिळाले. दरम्यान ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा तो सुप्रसिद्ध अहवाल बाहेर पडला होता आणि सिगारेट व कर्करोग यांचे नाते सरकारी दप्तरी नोंदले गेले होते; यापेक्षा सुमुहूर्त तो कोणता असणार? तरीही कंपन्यांचे उंबरे झिजवून गिल्बर्टच्या पदरी काही पडले नाही, आणि त्याची सिगारेट कधीच बाजारात आली नाही.

या अपयशाचे खापर बहुतेक जण तंबाखूवाल्यांच्या कारस्थानावर फोडतात. तंबाखूवाल्यांविषयी मला तिळमात्र ममत्व नाही, पण माझे मत निराळे आहे: गिल्बर्टला घटाने दगा दिला. १९६३ सालचा जस्त-कर्बाचा बारका सेल अर्धा-एक अँपिअर मागताच मान टाकी. सिगारेटच्या जाडीच्या नळीत वेटोळे तापवील, दिवसभर पुरेल आणि रात्री पुन्हा भरता येईल असा घट तेव्हा पृथ्वीवर नव्हता. एकस्वाची मुदत त्या वेळच्या नियमाप्रमाणे सतरा वर्षे, म्हणजे ती १९८२ मध्ये सरली, आणि त्याला हवा असलेला घट दुकानांत आला तो त्यानंतर नऊ वर्षांनी. पुढे २००३ साली होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने, ज्याचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले होते, जे उपकरण सिद्ध केले त्याला जगाने मूळ पुरुषाचा मान दिला. २०१३ मध्ये त्या हक्कांचे साडेसात कोटी डॉलर झाले. भंगारवाल्याच्या वाट्याला इतिहासातली तळटीप आली.

घट समर्थ झाला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा कोपही आला. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाचा २०१७ चा अहवाल मी पुनःपुन्हा वाचला आहे, कारण सरकारी कागद इतका स्पष्ट क्वचितच बोलतो. २००९ ते २०१६ या काळात ई-सिगारेटच्या आगी व स्फोट यांचे १९५ प्रसंग त्यात नोंदले आहेत; त्यांत १३३ जणांना इजा झाली, पैकी ३८ गंभीर. मला चकित केले ते स्थळांच्या तपशिलाने: ६१ प्रसंगी उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता, म्हणजे ओढत असताना जितके अपघात घडले साधारण तितकेच नुसते बाळगताना घडले. कारण सेलच्या रचनेतच आहे. १८६५० चे सगळे धातूचे अंग ऋण असते; वरच्या टोकाची छोटी टोपी तेवढी धन, आणि दोहोंमध्ये एक बारीक निरोधक कडे. त्या अंगावरचे पातळ प्लास्टिकचे वेष्टन नखभर फाटले आणि खिशात किल्ल्या किंवा नाणी असली की मंडल पुरे होते, घट तापतो, आतले सेंद्रिय द्रावण पेट घेते. उपकरण नळीच्या आकाराचे असल्याने दाब टोकाकडून फुटतो आणि ती नळी अग्निबाणासारखी सुटते, असे त्याच प्रशासनाने आधी, २०१४ मध्येच, लिहून ठेवले होते. आपल्याकडे वसईला २०२२ साली घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका लहान मुलाचा बळी गेला; घट मोठा होता, तत्त्व हेच.

याच्या उलट टोकाचा पुरावा २०२३ च्या अखेरीस लंडनहून आला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी ‘वापरा आणि फेका’ जातीच्या ई-सिगारेटमधील घट बाहेर काढून प्रयोगशाळेत भरले-उतरविले. साडेचारशेहून अधिक आवर्तनांनंतरही त्यांची नव्वद टक्क्यांहून अधिक धारकता कायम होती. म्हणजे ज्याच्या अंगी साडेचारशे जन्म आहेत त्याला एका जन्मात केराच्या टोपलीत टाकले जात होते, आणि त्या काळी ब्रिटनमध्ये आठवड्याला सुमारे पन्नास लाख उपकरणे अशी फेकली जात. १ जून २०२५ पासून तेथे या जातीच्या विक्रीस बंदी आली.

भारताने बंदी त्याआधीच, आणि सरसकट, घातली होती. १८ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेला हा कायदा बारकाईने वाचणारे थोडे असतील, पण तो वाचनीय आहे. निर्मिती, आयात, वाहतूक, विक्री यांना पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझी नजर खिळली ती चौथ्या कलमातील एका शब्दबंधावर: संपूर्ण वस्तू असो वा तिचा कोणताही भाग. आता घट हा तिचा भाग आहे की नाही? मजकूर सेल ई-सिगारेटमध्ये असेतोवर निषिद्ध, बाहेर काढून डोक्याच्या बॅटरीत घातला की कायदेशीर, आणि दुरुस्तीवाल्याच्या ड्रॉवरमध्ये पडून असताना काय? माझ्या मते येथे हेतू पाहिला पाहिजे, आणि कोणताही सुज्ञ न्यायाधीश तसेच म्हणेल. पण उपनिरीक्षक दर्जाच्या अंमलदाराला जप्तीचा अधिकार देताना त्या अंमलदाराने ओहम मोजावेत अशी अपेक्षा संसदेने केलेली दिसत नाही.

याहून मोठा पेच पुढे आहे. शिल्लक साठ्याची यादी मालकाने किंवा वहिवाटदाराने आपण होऊन अधिकाऱ्याकडे द्यावी आणि अधिकाऱ्याने त्या मालाची विल्हेवाट प्रचलित कायद्यानुसार लावावी, अशी तजवीज पाचव्या कलमात आहे. जप्त मालाची विल्हेवाट म्हणजे होळी, ही आपली वहिवाट. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखा बंद झाल्यापासून त्याच्या कित्येक होळ्यांची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. पण ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरीच्या कचऱ्याचे जे नियम आले, त्यांनी वापरून झालेल्या बॅटऱ्या जाळण्यास आणि पुरण्यास मनाई केली, आणि त्या गोळा करून पुनर्चक्रणाला धाडण्याची जबाबदारी उत्पादकावर व आयातदारावर टाकली. ज्या वस्तूचे उत्पादन व आयात हाच गुन्हा, तिचा नोंदणीकृत उत्पादक आणावयाचा कोठून? फिर्यादी सरकार, आरोपी विक्रेता, आणि घट मात्र बेवारस.

तोवर तो मुद्देमालाच्या खोलीत पडून राहतो. खटला चालेल तितकी वर्षे, कदाचित पत्र्याखाली, कदाचित पूर्ण भरलेला. पंचनाम्यात नग, रंग, छाप आणि अंदाजे किंमत लिहिण्याची रीत आहे; तीत विद्युत्दाबाचे एक घर वाढवावे, सेल शक्य तर अर्धा उतरवून, टोपीवर चिकटपट्टी लावून, जळाऊ मालापासून अलग आणि सावलीत ठेवावा, फुगलेला दिसल्यास त्याच दिवशी बाहेर काढावा, आणि निकालानंतर बाकीचे उपकरण खुशाल नष्ट करून सेल तेवढे अधिकृत पुनर्चक्रणवाल्याच्या पावतीवर द्यावेत. चिकटपट्टीचा खर्च किरकोळ सादिलवारीतून भागेल.