गाडीचा एसी सुरू होत नाही, तेव्हा 'नाही' कोण म्हणतंय?

मे महिन्यातली दुपार आहे, पारा चाळिशीच्या पुढं गेलाय. सोलापूरहून देवीच्या दर्शनाला निघालेलं एक कुटुंब तुळजापूरचा घाट चढतंय. गाडीत म्हातारी आई आहे, लहान लेकरं आहेत. एसीचं बटण दाबलं, तर काहीच होत नाही. अशा वेळी धाराशिव असो, कळंब असो की उमरगा, पहिला सल्ला ठरलेला असतो: "गॅस संपला असेल, भरून घ्या." आज आपण हा सल्लाच तपासून बघणार आहोत. गॅस कमी होणं हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे, आणि ते असलं तरी नुसता गॅस भरून काम भागत नाही.

आधी रचना समजून घेऊ. कॉम्प्रेसरची पुली इंजिनाच्या पट्ट्यावर कायम फिरत असते. पुली आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये विजेवर चालणारा क्लच असतो. त्याला करंट मिळाला की 'टक्' असा आवाज येतो, क्लच पुलीला चिकटतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. पण हा करंट सोडण्याआधी गाडी काही गोष्टी तपासते. ब्लोअर चालू आहे का? गॅसचा दाब ठीक आहे का? इंजिन जास्त तापलं तर नाही ना? आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरायला लागला नाही ना? यातल्या एकानंही 'नाही' म्हटलं, तर क्लच लागत नाही. म्हणून आपलं काम एवढंच, की 'नाही' कोण म्हणतंय ते शोधायचं.

पहिला प्रश्न: वारा येतो का? वाराच येत नसेल, तर गॅसचा विषय तिथंच संपला. ब्लोअरचा फ्यूज, रिले, मोटर या क्रमानं बघायचं. फ्यूज कुठला, ते फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा बसवायचा. मोठा फ्यूज किंवा तार लावली, तर वायरिंग जळू शकतं. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडलाच चालत असेल, तर बहुतेक वेळा रेझिस्टर गेलेला असतो. तो तुलनेनं स्वस्तातला भाग आहे.

वारा येतो, पण गार नाही. मग दुसरा प्रश्न: 'टक्' आवाज येतो का? गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन चालू ठेवा आणि एकाला आत बसवून बटण दाबायला सांगा. आपण बॉनेटजवळ थांबून ऐकायचं. हात, ओढणी, उपरण्याचं टोक पट्ट्यापासून लांब. काही नव्या गाड्यांत क्लच नसलेला कॉम्प्रेसर असतो, तिथं हा आवाज येणार नाही. ती तपासणी कॉम्प्युटर लावूनच होते.

आवाज येत नसेल, तर आधी एसीचा फ्यूज बघायचा. मग रिले. फ्यूजबॉक्समध्ये बऱ्याचदा त्याच नंबरचा दुसरा रिले असतो. इंजिन बंद करून दोन्हींची अदलाबदल केली, की मिनिटभरात खरंखोटं कळतं. आपल्या भागात आणखी एक तपासणी करायची. सोयाबीनची रास झाल्यावर शेतात किंवा गोदामाजवळ उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. एक बारीक वायर तुटली, तरी क्लचपर्यंत करंट पोचत नाही.

आता घाटाकडे परत जाऊ. गाडी रस्त्यावर पळताना एसी चालतो, पण उभी राहिली की बंद पडतो. असं असेल, तर पुढचा पंखा बघा. पंखा फिरत नसेल किंवा कंडेन्सरची जाळी धूळ-भुशानं भरली असेल, तर उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि प्रेशर स्विच एसी तोडतो. चढावर इंजिन तापलं, तरीही गाडीच एसी बंद करते. त्यामुळं एसी गेला की आधी तापमानाचा काटा बघायचा. तो वर असेल, तर गाडी सावलीत बाजूला घ्या, आईला आणि लेकरांना खाली उतरवा, पाणी द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

हे सगळं ठीक असेल, तेव्हाच गॅसचा नंबर. एसीचं सर्किट बंद असतं, पेट्रोलसारखा गॅस जळून संपत नाही. फार कमी झाला, तर कुठंतरी गळती आहे. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर आपण दर वर्षी तीच गळती पोसतोय. जोडावर तेलकट डाग आहे का बघा. तेल गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळं गळतीच्या जागी ते दिसतं. म्हणूनच, गॅस नसताना प्रेशर स्विचला वायर जोडून क्लच जबरदस्तीनं लावणं महागात पडतं. कॉम्प्रेसरला तेल मिळत नाही आणि तो जाम होतो. स्विचनं ज्याला वाचवलं होतं, त्यालाच आपण मारतो.

इथं एक फसगतही आहे. एसी बंद असताना गेज लावला, तर ४० अंश तापमानाला आर-१३४ए गॅसचा दाब साधारण ९ बार दिसतो. सर्किटमध्ये द्रवरूपात थोडा जरी गॅस उरला असेल, तरी तेवढाच दिसतो. म्हणजे हा दाब गॅस 'आहे' एवढंच सांगतो, 'किती आहे' ते नाही. योग्य पद्धत अशी: उरलेला गॅस मशीनमध्ये काढून घ्यायचा, गळती दुरुस्त करायची, व्हॅक्यूम करायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढा गॅस वजन करून भरायचा. जास्त भरला, तरी दाब वाढून एसी तुटतोच.

जुना गॅस हवेत सोडून देऊ नये. ओझोनच्या थरासाठी १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला आणि गाड्यांमधला आर-१२ गेला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीत तोही कमी करायचं ठरलं.

तेव्हा मेस्त्रीकडं गेल्यावर "गॅस भरा" म्हणू नका. असं सांगा: "वारा येतोय, टक् आवाज येत नाही, फ्यूज-रिले बघितले, पंखा फिरतोय. आता दाब आणि गळती बघा." एवढ्या माहितीवर त्याचा वेळ वाचतो आणि आपले पैसेही.