हार्मोनची गोळी : सरकारी दवाखाना की खासगी?



रविवारी विहारात वंदना झाली की आमची बायकांची बैठक बसते. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वस्त्यांत आम्ही बीपी मोजतो, दवाखान्याचे कागद वाचून दाखवतो. या बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "माझी पिशवी काढलीय." आम्ही विचारतो, "ओव्हरी ठेवल्या की त्याही काढल्या?" उत्तर बहुतेक वेळा येतं, "ते काय माहीत नाय."

खोपोलीकडच्या एका ताईंचं असंच झालं. वय ३९. अंगावरून जास्त जातं म्हणून एका खासगी दवाखान्यात पिशवी काढली. दोन महिन्यांत रात्री घामानं उशी भिजायला लागली, झोप उडाली, सांधे धरले, चिडचिड वाढली. घरचे म्हणाले, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. आम्ही डिस्चार्ज कार्ड वाचलं. दोन्ही ओव्हरी काढल्याचं त्यात लिहिलेलं होतं. त्यांना कुणी तोंडानं सांगितलंच नव्हतं.

मग त्या दुसऱ्या एका खासगी डॉक्टरांकडे गेल्या. तपासण्यांचं मोठं पॅकेज झालं, महागड्या कंपनीची गोळी सुरू झाली. गोळीनं बरं वाटलं. पण तिसऱ्या महिन्यात पैसे संपले आणि गोळी बंद झाली. घाम परत सुरू.

ही गोळी कशासाठी?

ओव्हरी म्हणजे अंडाशय. तिथे इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होतं. पाळी वयानुसार गेली तर ते हळूहळू कमी होतं. दोन्ही ओव्हरी काढल्या तर एका दिवसात तुटतं. चाळिशीच्या आत असं झालं तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोकाही वाढतो. म्हणून अशा बाईला दुसरी अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यावं, असं वैद्यकशास्त्र सांगतं.

म्हणजे हे औषध काही वर्षांचं आहे. सरकारी की खासगी हे ठरवताना आमचं पहिलं सांगणं हेच : पहिल्या भेटीचा खर्च बघू नका, पाच-दहा वर्षं कुठे जाणं झेपेल ते बघा.

सरकारीत काय मिळतं?

राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आपल्याकडे कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालयं त्यात येतात. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, स्तनांची तपासणी जवळच करून घ्या. हार्मोनची गोळी तिथे मिळेलच असं नाही. तेव्हा अलिबागचं जिल्हा रुग्णालय किंवा मुंबईचं कामा रुग्णालय गाठावं लागतं. कामा सीएसएमटी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण कर्जतहून लोकलनं जायला दोन तासांहून जास्त लागतात, खोपोलीहून आणखी. एक रोज बुडतो, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून तिथे गेल्यावर डॉक्टरांना सांगा, "लांबून येतो, तीन महिन्यांचं लिहून द्या."

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांना आहे. रोजच्या गोळीसाठी तिच्यावर विसंबू नका.

खासगीत जायचं तर

रांग कमी, संध्याकाळी दवाखाना उघडा, डॉक्टर ओळखीचे. हे फायदे खरे आहेत. पण तीन गोष्टी विचारा. महिन्याचा खर्च किती? औषध कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावानं लिहून द्याल का? ही तपासणी कशासाठी? पंचेचाळिशीनंतर पाळी गेली आणि घाम, वाफा ही लक्षणं असतील, तर हार्मोनच्या महागड्या रक्त तपासण्यांची सहसा गरज नसते. चाळिशीच्या आत पाळी गेली असेल तर मात्र तपासणी लागते.

मधला रस्ताही आहे. तपासणी आणि सल्ला सरकारीत, गोळी मूळ नावाच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून. जनऔषधी दुकानात आधी विचारा. आमच्या त्या ताई आता असंच करतात.

शेजारणीची गोळी घेऊ नका

पिशवी काढलेली असेल तर साधारणपणे एकटं इस्ट्रोजेन चालतं. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर पिशवीच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, हार्ट अटॅक, पक्षाघात, लिव्हरचा आजार यांपैकी काही झालं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी गोळीवर ढकलू नका, लगेच दाखवा.

मुळात पिशवी काढायचीच का?

बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्या वस्त्यांतल्या बायकाही रोजंदारीवरच जगतात. "पिशवी काढा, कटकट संपेल" असं कुणी म्हटलं तर सही करण्याआधी सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. गोळ्यांनी भागेल का, ओव्हरी ठेवता येतील का, हे दोन प्रश्न विचारा.

ऑपरेशन झालेलंच असेल तर आज घरी जाऊन पत्र्याच्या पेटीतलं डिस्चार्ज कार्ड शोधा. हरवलं असेल तर त्या दवाखान्यात नक्कल मागा, तो तुमचा हक्क आहे. येत्या रविवारी कार्ड घेऊन बैठकीला या. आपण मिळून वाचू.