मुंबईतून गावी सायकल न्यायची आहे? पाच-सात हजारांत टिकाऊ सायकल कशी निवडायची, वाचा सविस्तर

मुंबई : शाळा सुरू व्हायची वेळ आली किंवा दिवाळीचा बोनस हातात पडला की लालबाग, परळ, गिरगावात राहणाऱ्या चाकरमान्यांना गावाहून फोन ठरलेला, "येताना पोरीसाठी सायकल घेऊन ये." बजेट असतं पाच-सात हजारांचं. दुकानात गेल्यावर नजर जाते ती गिअर, डिस्क ब्रेक आणि जाड टायरवाल्या चकचकीत सायकलीवर. ती घेतली जाते, गावात चार दिवस कौतुकही होतं. पुढे गिअरचा एखादा भाग मोडतो, तो तालुक्याला मिळत नाही आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते. पोरगी परत पायी शाळेला.

म्हणून कमी पैशात सायकल घ्यायची तर पहिला प्रश्न एकच : हिची दुरुस्ती आपल्या गावचा पंक्चरवाला करू शकेल का?

डबेवाल्यांची सायकल बघा

मुंबईत 1890 पासून डबे पोहोचवणारे डबेवाले बहुतांश मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले, म्हणजे आपल्यासारखेच गावाकडचे. आता काही जण मोटारसायकल वापरतात, पण दादर, लोअर परळ, चर्चगेट स्टेशनबाहेर त्यांच्या सायकली आजही दिसतात. हँडलला दोन्ही बाजूंनी डबे, मागे कॅरिअर भरलेला, वर मुंबईचा पाऊस आणि खड्डे. तरीही सायकल असते ती साधी काळी, बिनगिअरची, 28 इंची चाकाची. कारण उघड आहे. तिचे टायर, ट्यूब, चेन, पायडल कुठल्याही गल्लीत मिळतात आणि एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या सायकलीला बहुतेक वेळा बसतो. 3 जून 2020 ला, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, ॲटलस कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला. तरी तिच्या जुन्या काळ्या सायकली चालूच राहिल्या, त्या याचमुळे.

पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

गिअर, शॉकअप आणि डिस्क ब्रेक असं सगळं सात-आठ हजारांत मिळत असेल, तर कंपनीने कुठेतरी कात्री लावलेली असते. बहुधा ती बेअरिंग, चेन, रिम अशा न दिसणाऱ्या जागी लागते. स्वस्त शॉकअपने सायकल जड होते आणि चढाला पायाचा जोर त्यातच जिरतो.

त्यापेक्षा या गोष्टी तपासाव्यात :

- फ्रेम आणि चिमट्याचे जोड साफ हवेत. हँडलखालच्या जोडाला चीर किंवा उडालेला रंग नको.
- चाक उचलून फिरवावं. ते डावी-उजवीकडे डुलत असेल तर तिथेच आऊट काढून घ्यावा.
- सगळे आरे बोटाने दाबून बघावेत. एकही ढिला नको.
- ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. चाक जागचं हलता कामा नये.
- मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी, पुढे-मागे आणि पायडलला रिफ्लेक्टर किमतीत धरलेले आहेत का, ते आधी विचारावं. नाहीतर शेवटी पाच-सातशे रुपये वर जातात.

एक लक्षात ठेवावं, लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक कमी धरतो. पावसात वेग कमी ठेवायचा आणि ब्रेक आधीच दाबायला सुरुवात करायची.

गावचा रस्ता चढाचा असेल तर बिनगिअरच्या सायकलीलाही उपाय आहे. मागच्या चाकाला साधारण 18 दात्यांचं फ्रीव्हील येतं. त्याऐवजी 20 किंवा 22 दात्यांचं बसवलं की सपाटीला वेग थोडा घटतो, पण चढ हलका जातो. चेन एखादी कडी वाढवावी लागते, एवढंच. गिअरच्या सायकलीपेक्षा हे काम कितीतरी स्वस्तात होतं.

माप चुकवू नका

"वाढतं अंग आहे, मोठीच घेऊ" हा हिशोब कपड्याला चालतो, सायकलीला नाही. सीटच्या पुढे नळीवर पाय टाकून उभं राहिल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. ढोबळमानाने सात ते नऊ वर्षांच्या मुलाला 20 इंची, दहा ते बारा वर्षांच्या मुलाला 24 इंची आणि त्यापुढे 26 इंची चाक बसतं. मूल गावी असेल तर पायाची आतली लांबी, म्हणजे जांघेपासून टाचेपर्यंत, फोनवर मागवून घ्यावी आणि टेप घेऊनच दुकानात जावं. मुलगी ड्रेस किंवा साडीवर चालवणार असेल तर आडव्या दांड्याशिवायची फ्रेम सोयीची.

घ्यायची कुठे?

दादर-परळ भागात गल्लोगल्ली दुकानं आहेत. पण एकाच ठिकाणी चार दुकानं फिरून भाव करायचा असेल तर धोबीतलाव ते काळबादेवी हा पट्टा जुना आणि ओळखीचा. मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत जाता येतं, गिरगाव तर शेजारीच. साधी बिनगिअरची सायकल साधारण पाच ते आठ हजारांच्या दरम्यान बसते. भाव करताना "फिटिंग आणि ॲक्सेसरीसकट किती?" असंच विचारावं.

22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. मूळ किंमत 5500 असेल तर कर 660 ऐवजी 275 रुपये लागतो. बिलात तेवढाच धरलाय का, हे बघून घ्यावं.

जुनी घेताना

जुनी सायकल निम्म्या किमतीत चांगली मिळू शकते, पण चेन मोजूनच घ्यावी. शाळेची 12 इंची पट्टी चेनच्या एका पिनेवर ठेवावी. 24 कड्यांनंतरची पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. ती एक-अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेन संपलेली आहे, दातेही झिजलेले असू शकतात. तो खर्च किमतीतून वजा करून मागावा.

चोरबाजारात किंवा रस्त्यावर बिनकागदाची सायकल फार स्वस्तात मिळत असेल तर दूर राहावं. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. विकणाऱ्याकडून लेखी पावती घ्यावी, त्यावर पायडलच्या धुऱ्याखाली कोरलेला फ्रेम नंबर लिहून घ्यावा.

बिल जपा, अनुदान मिळू शकतं

मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 23 जिल्ह्यांतील 125 तालुक्यांत 8वी ते 12वीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी 5000 रुपये मिळतात. 2022 पूर्वी ही रक्कम 3500 होती. शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत घर असणं ही अट आहे. पैसे बँक खात्यात जमा होतात आणि त्यासाठी खरेदीची पावती लागते. म्हणून मुंबईत सायकल घेण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून आपला तालुका यादीत आहे का आणि बिल कुणाच्या नावाने हवं, ते विचारून घ्यावं. घाईत कच्च्या चिठ्ठीवर सायकल आणली तर हक्काचे पैसे अडकतात.

गावी नेताना

रेल्वेने न्यायची असेल तर पार्सल ऑफिसात बुकिंग होतं. सायकल गोणपाटात किंवा पुठ्ठ्यात बांधून त्यावर नाव, मोबाइल नंबर आणि उतरवायचं स्टेशन ठळक लिहावं. गाडीच्या वेळेच्या बरंच आधी पोहोचावं. एसटी किंवा खासगी गाडीने न्यायची तर भाडं आधीच ठरवून घ्यावं. गणपतीच्या गर्दीत हा खटाटोप टाळलेला बरा.

नवी सायकल महिनाभर चालली की तिचे नट आणि आरे थोडे सैल होतात. त्या वेळी गावच्या मेकॅनिककडून एकदा सगळं आवळून घ्यावं आणि चेनला तेल द्यावं. त्यानंतर पावसाळा संपला की दरवर्षी ऑइलिंग-ग्रीसिंग. एवढं केलं तर थोरलीची सायकल धाकटीलाही शाळेपर्यंत नेईल.