कोंबड्याचा परसप्रवेश

काशीच्या दशाश्वमेध घाटावर पहाट घंटानादाने होते, तर कोकणातल्या परसात ती अद्यापि कोंबड्याच्या आरवण्याने होते. त्यामुळे सात-आठ कोंबड्या बाळगणाऱ्या गृहस्थाला आपले खुराडे नरावाचून अपुरे वाटावे, हे स्वाभाविकच आहे. अंड्यांसाठी मात्र नराची आवश्यकता नसते; नराविना घातलेल्या अंड्यांतून पिले निघत नाहीत, एवढेच.

तथापि पिलांच्या आशेने बाजारातून आणलेला कोंबडा तसाच आत सोडणे सर्वथा अनुचित होय. कोणी कोणाला टोचावे आणि कोणी ते निमूटपणे सोसावे, याची वहिवाट प्रत्येक खुराड्यात आधीच ठरलेली असते, हे थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन संशोधकाने, बालवयापासून केलेल्या निरीक्षणांच्या आधारे, १९२२ साली प्रसिद्ध केले. पूर्ण वाढलेला नर बहुधा या क्रमाच्या माथ्यावर जातो. परंतु तुरा पुरता न भरलेल्या पोरसवदा कोंबड्याला जुन्या कोंबड्या टोचून रक्तबंबाळ करतात.

यास्तव पहिला महिनाभर त्याला दूर, स्वतंत्र डालावे. कारण मानमोडी, म्हणजेच राणीखेत, नव्या पाखराबरोबर आली तर सबंध खुराडे ओस पडते. ही मुदत संपल्यावर आठवडाभर मध्ये केवळ जाळी असावी, आणि मग एके संध्याकाळी, अंधार पडल्यावर, त्याला इतरांशेजारी दांडीवर बसवावे. दाणापाणी दोन-तीन ठिकाणी ठेवण्याची तजवीज असावी, म्हणजे हुसकावलेले पाखरू उपाशी राहत नाही. एका नरामागे आठ-दहा माद्या असाव्यात. कमी असल्यास त्यांच्या पाठीची पिसे झडतात.

त्यानंतरचे दृश्य मात्र स्वस्थपणे बसून पाहावे. अळी सापडताच कोंबडा ती गिळत नाही; चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, मान खालीवर हलवीत तुटक स्वरात माद्यांना बोलावतो, आणि त्यांतली एखादी धीटपणे येऊन ती अळी पटकावते. घार दिसताच त्याचा इशारा निराळा, जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी निराळा. माझ्या मते त्याचे खरे मोल बांगेपेक्षा या दक्षतेत आहे.

मीलनानंतर दुसऱ्या दिवसापासून फलित अंडी मिळू शकतात, आणि शुक्रपेशी कोंबडीच्या अंडनलिकेतील सूक्ष्म नळ्यांत दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक, जिवंत राहतात. तरीही घाई न करता, कोंबडा रुळल्यावर दहाएक दिवसांनी खुडूक कोंबडीखाली अंडी बसवावीत. पिले एकविसाव्या दिवशी बाहेर येतात.